बीपीची प्रश्नावली ताट बघून करा

संपादक महोदय,

तुमच्या पेपरात बीपीवर अधूनमधून लेख येतात, मीठ कमी करा, चाला, गोळ्या चुकवू नका, सगळं बरोबरच, पण पेशंट घरी हे खरंच करतो का ते मोजायचं कसं यावर कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. मी नर्सिंगच्या पोरींना शिकवते. आमच्यात यासाठी प्रश्नावल्या असतात, त्यातली एक अमेरिकेत २०१४ मध्ये आली, ६० प्रश्नांची. २० प्रश्न पेशंट काय करतो याचे, २० त्याला ते किती महत्त्वाचं वाटतं याचे आणि २० आपल्याला जमेल असा भरवसा किती याचे. चांगली आहे, पण असली प्रश्नावली उदाहरणार्थ थायलंडच्या पेशंटला जशीच्या तशी दिली की घोळ होतो.

तिथे जेवताना वरून मीठ घ्यायची पद्धतच फारशी नाही. टेबलावर असतं नाम प्ला, म्हणजे फिश सॉस, बारीक मिरच्या कापून टाकलेलं, आणि त्याच्या एका मोठ्या चमच्यात हजार मिलिग्रामच्या वर सोडियम, मिठातलं बीपी वाढवणारं तेच. ईशान्येकडच्या इसान भागात तर सोम तममध्ये, म्हणजे कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत, प्ला रा पडतं, मीठ लावून महिनोन्महिने मुरवलेली मासळी. आता तिथल्या एखाद्या आजींना विचारा, जेवताना वरून मीठ घेता का? त्या म्हणणार कधीच नाही, आणि खरं तेच सांगतायत! मार्क फुल, बीपी १६०. पाकिटावरचं लेबल वाचता का म्हणे, अहो संध्याकाळी बाजारातून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आणलेल्या कालवणाला कसलं लेबल? तिथे देशभर लोकांची २४ तासांची लघवी तपासली तेव्हा सरासरी सोडियम दिवसाला ३६०० मिलिग्रामच्या वर निघालं, डब्ल्यूएचओ म्हणते २००० च्या आत ठेवा.

म्हणून प्रश्न तिथल्या ताटाप्रमाणे बदलावे लागतात, मग तज्ज्ञांना दाखवायचे, थोड्या पेशंटना वाचायला देऊन काय समजलं ते त्यांच्याच तोंडून ऐकायचं, मग भरपूर लोकांकडून भरून घेऊन अल्फा काढायचा, म्हणजे उत्तरं एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा. अल्फा ०.७ च्या वर गेला की सगळे खूश. इथेच माझं भांडण आहे. अल्फा एवढंच सांगतो की प्रश्न एकमेकांशी जुळतात, समोर सिस्टर बसलीये म्हणून खरं-खोटं न बघता कुणी सगळीकडे ‘नेहमी’वर, कुणी सगळीकडे ‘बहुतेक वेळा’वर टिक केली तरी अल्फा झकास येतो. बीपीचा आकडा, उरलेल्या गोळ्यांची मोजणी, जमलं तर लघवीतलं सोडियम, यांच्याशी मार्क ताडून बघितल्याशिवाय व्हॅलिडेशन, म्हणजे प्रश्नावली खरंच मोजायचं तेच मोजते याची खात्री, झालं असं मी तरी म्हणणार नाही. आणि फॉर्म कोण भरून घेतं तेही बघा, थायलंडमध्ये १० लाखांच्या वर गावातलेच आरोग्य स्वयंसेवक आहेत, शेजारणीला कालच्या जेवणाबद्दल थापा मारणं अवघड, पण तिच्यासमोर गोळ्या चुकवल्या हे कबूल करायलाही लाज वाटते, दोन्ही होतं.

आपल्याकडे आशाताई घरोघरी फॉर्म घेऊन जातातच. त्यात ठेचा, लोणचं, पापड, फरसाण, कोकणात सुकट, हे नाव घेऊन विचारलंय का कुठे? नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाखाली दरवर्षी एवढे थिसिस होतात, त्यातले दोन-चार यावर करून घ्या आणि निकालात अल्फाच्या शेजारी त्याच पेशंटचा बीपी छापा एवढीच मागणी.

– एक नर्सिंग शिक्षिका, सांगली