बाप्तिस्म्याचे लग्नाआधीच बोला

नास्तिक मुलगा आणि कॅथलिक मुलगी लग्न ठरवतात, तेव्हा घरचे एवढेच विचारतात, ‘चर्चमध्ये की कोर्टात?’ १९५४ च्या विशेष विवाह कायद्यामुळे धर्म न बदलता लग्न होते. पण खरा पेच मुलांच्या बाप्तिस्म्याचा, म्हणजे त्यांना ख्रिस्ती धर्मात घेण्याच्या विधीचा. चर्चची परवानगी घेताना कॅथलिक जोडीदाराला त्यासाठी शक्य ते सर्व करण्याचे वचन द्यावे लागते आणि त्याची कल्पना दुसऱ्याला द्यावी, हा चर्चचाच नियम. माझ्या मैत्रिणीने ती आधीच दिली. तिचा नास्तिक नवरा वांद्र्याच्या माउंट मेरी चर्चच्या जत्रेत तिच्या मेणबत्त्या धरून रांगेत उभा राहतो, हात मात्र जोडत नाही. तीही आग्रह करत नाही. चर्चच्या विवाहपूर्व शिबिरात नास्तिकालाही ‘हे मला जमणार नाही’ असे मोकळेपणाने म्हणता आलेच पाहिजे.

– एक वाचक, माहीम, मुंबई