खुलं पत्र: कासव माघारी फिरलं, तक्रार निकाली निघाली

माननीय केंद्रीय पर्यावरण, वने व हवामान बदल मंत्री यांस,

सा. न. वि. वि.

आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून थोडक्यात लिहायचं ठरवलं होतं. ते जमेलसं दिसत नाही. एकतीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, घंटा झाल्याशिवाय थांबायची सवय नाही.

गेल्या मंगळवारी सकाळी मोबाइलवर संदेश आला: 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. समाधान झाले का? एक ते पाच तारे द्या.' अंदमानच्या एका रिसॉर्टच्या उजेड-गोंगाटानं अंडी घालायला आलेलं कासव माघारी फिरलं, ही तक्रार मी 23 जानेवारीला सरकारच्या तक्रार पोर्टलवर टाकली होती. ती आधी एका खात्याकडे गेली. त्यानं 'विषय आमचा नाही' म्हणून दुसऱ्याकडे पाठवली, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे, आणि तिसऱ्यानं, बहुधा पुढं पाठवायला कुणी उरलं नाही म्हणून, मिटवून टाकली. शेरा एका ओळीचा: 'अर्जदारास कळविण्यात आले.' काय कळवलं ते अर्जदाराला अजून कळलेलं नाही. म्हणून हे पत्र, आणि म्हणून ते उघड्यावर.

झालं असं. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मुलानं अंदमानचं पॅकेज घेऊन दिलं. 'आई, या वेळी बस भरून टूर नाही, लक्झरी.' दोन माणसं, सहा रात्री, 2 लाख 86 हजार रुपये. माझी पहिली पाच वर्षांची पगाराची बेरीज एवढी झाली नसेल. माहितीपत्रक गुळगुळीत, पहिल्या पानावर कासव, आणि खाली: 'हंगामात रिसॉर्टच्या खासगी किनाऱ्यावर निसर्गतज्ज्ञांसोबत कासवांची रात्र.' मी ते चष्मा पुसून दोनदा वाचलं. किनारा खासगी कसा असतो, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता. पण आयुष्यभर फळ्यावर कासव काढलेल्या बाईला वाळूत अंडी घालणारं कासव बघायला मिळणार म्हटल्यावर अक्कल थोडी गहाण पडते.

रिसॉर्टचं नाव देत नाही. ह्यांच्या मते त्यांच्याकडे वकील असणार आणि आमच्याकडे फक्त पावत्या आहेत. हॅवलॉकवरचं आहे, एवढं पुरे. हॅवलॉक म्हणजे आताचं स्वराज द्वीप. पोर्ट ब्लेअरचंही आता श्रीविजयपुरम झालंय. पाट्या बदलायचा वेग बघितला की वाटतं, सरकारला काम येतं.

निसर्गतज्ज्ञ म्हणून जो मुलगा आला तो बावीस-तेवीस वर्षांचा, हॉटेल मॅनेजमेंट केलेला, स्वभावानं गोड. त्यानं मला विचारलं, 'मॅडम, कासव एका वेळी किती अंडी घालतं?' मी सांगितलं, ऑलिव्ह रिडलेचं म्हणशील तर शंभर-सव्वाशे. त्यानं वहीत लिहून घेतलं. माझा त्याच्यावर राग नाही. त्याला कुणी शिकवलेलंच नव्हतं.

तिसऱ्या रात्री तिथं लग्न होतं. डेस्टिनेशन वेडिंग. (मंडळी पुण्याची होती, सांगायला लाज वाटते.) माडांना फोकस बांधलेले, डीजे लावलेला, वाळूत वायरी पसरलेल्या. साडेअकराच्या सुमारास पाण्याच्या कडेला एक काळा दगड हलला. मादी होती. ओढत ओढत वीस-पंचवीस फूट वर आली. फोकसचा झोत तिच्या तोंडावर होता. मग कुणीतरी ओरडलं आणि पंधरा-वीस मोबाइल पेटले. ती थांबली. मान उचलली, जराशी खाली केली, आणि अंडी न घालता माघारी फिरली.

मंत्रिमहोदय, ही मादी अंधारा किनारा निवडते. उजेड, गडबड दिसली की फिरते. दुसरीकडे जाते, पुन्हा प्रयत्न करते, आणि जागा सापडलीच नाही तर शेवटी अंडी समुद्रात टाकते. ती अंडी वाया. आणि जिथं अंडी घातली जातात तिथंही पिल्लं वाळूतून वर आली की सगळ्यात उजळ दिसणाऱ्या दिशेला धावतात. निसर्गात ती दिशा समुद्राची. रिसॉर्टवर ती बारची. हे प्राणी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. वाघासमोर कुणी डीजे लावला असता का?

मी फोकस बंद करायला धावले. वायरीत पाय अडकला आणि पडले. डाव्या घोट्याला चीर. मॅनेजर आले, माझ्या पायाकडे बघितलं, आणि काय म्हणाले ते शब्दशः लिहिते: 'मॅडम, कछुआ तो कल भी आएगा.'

त्यानंतरचं काय सांगू. फेरीबोटीची शिडी मी बसून बसून चढले. विमानतळावर व्हीलचेअरसाठी पन्नास मिनिटं. चेन्नईला विमान बदलताना ह्यांनी, स्वतःचा गुडघा धरत, माझी पर्स, माझी चप्पल आणि दोन बॅगा ओढल्या. घरी आल्यावर सहा आठवड्यांचं प्लॅस्टर. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू असतं आमच्याकडे. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी कुठं गेले नाही, बायका मलाच बघायला आल्या आणि प्रत्येकीनं विचारलं, 'मग कासव दिसलं का?' दिसलं. तेच तर दुखणं आहे.

माझ्या मागण्या तीनच आहेत. पहिली, नोव्हेंबर ते मार्च ज्या किनाऱ्यावर कासव येतं तिथं रात्री उजेड आणि आवाज बंद, रिसॉर्ट कितीही ताऱ्यांचं असो. दुसरी, ज्याला निसर्गतज्ज्ञ म्हणून उभं करता त्याला परीक्षा द्यायला लावा. तिसरी पुढं सांगते.

हे जमत नाही असं मला कुणी सांगू नये. त्याच अंदमानात वंडूरच्या जेट्टीवर, जॉलीबॉयला निघताना, माझ्या पिशवीतली प्लॅस्टिकची पुडी काढून घेतली आणि पाण्याच्या बाटलीसाठी अनामत भरून घेतली. मला राग नाही आला, उलट बरं वाटलं. आणि इकडे रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातल्या वेळासला काय आहे? तारे फक्त आभाळात. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं आणि गावानं मिळून घरटी राखली. पूर्वी कोल्ह्या-कुत्र्यांच्या आणि माणसांच्याही पोटात जाणारी अंडी कुंपणाच्या आत गेली. पाहुणे गावकऱ्यांच्या घरात राहतात, पाटावर बसून आमटी-भात जेवतात, पहाटे टोपली उचलली की पिल्लं समुद्राकडे निघतात आणि दोरीच्या अलीकडे उभी शंभर माणसं श्वास रोखून गप्प असतात. मी शाळेच्या सहली नेल्यात तिथं. आठवीतली कार्टी, वर्गात दोन मिनिटं शांत बसायची नाहीत, ती तिथं बसली. डोकीमागे खर्च दीड हजाराच्या आत.

पॅकेजात एक दिवस बाराटांगचा होता. चुनखडीच्या गुहा, चिखलाचा ज्वालामुखी, आणि एजंटनं हळूच सांगितलेलं: 'वाटेत नशीब असेल तर जारवा दिसतील.' कोणत्या मथळ्याखाली लिहिलं होतं माहीत आहे? 'वन्यजीव अनुभव'. जारवा म्हणजे तिथली आदिवासी जमात. माणसं! जिरकाटांगच्या फाटकापासून गाड्यांचा ताफा निघतो. थांबायचं नाही, फोटो नाही, खाऊ द्यायचा नाही, असे नियम आहेत. 2012 मध्ये जारवा बायकांना खाण्याच्या बदल्यात नाचवल्याची चित्रफीत जगभर फिरली, त्यानंतर कडकही झाले म्हणतात. पण 2002 सालीच सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या राखीव क्षेत्रातला हा रस्ता बंद करायला सांगितलं होतं. इतक्या वर्षांनी मी त्याच रस्त्यानं गेले. आमच्या पुढच्या गाडीत सगळे एका बाजूच्या काचेला नाक लावून बसले होते. मीही बाहेर बघत होते, हे लिहायलाच हवं.

आता मामांचं सांगते, कारण त्याशिवाय माझा राग आपल्याला कळायचा नाही.

माझे सख्खे मामा फौजेत होते. सत्तरच्या दशकात सरकारनं माजी सैनिकांना ग्रेट निकोबारला वसवलं. पंजाबची, केरळची, तमिळनाडूची, तशी महाराष्ट्राचीही कुटुंबं होती. मामा-मामी कॅम्पबेल बेला गेले. जमीन मिळाली म्हणजे जंगल मिळालं. ते तोडा आणि पिकवा. मामांनीही झाडं तोडली, ते लपवत नाही. त्यांचं पत्र बोटीनं यायचं, कधी महिन्यानं, कधी दोन. एका पत्रात त्याच बेटावरच्या गालाथिया किनाऱ्याबद्दल होतं: 'गालाथियाच्या वाळूत म्हशीएवढी कासवं येतात. पाठीवर ढाल नाही, चामडं.' आम्ही हसलो, मामा थापा मारतात म्हणालो. पुढं बी.एस्सी.ला लेदरबॅक शिकले तेव्हा कळलं, जगातलं सगळ्यात मोठं कासव आहे ते, चारपाचशे किलोचं.

मामा आधीच गेले. मामी 26 डिसेंबर 2004 च्या सकाळी, त्सुनामीत, घरासकट. त्या भूकंपात बेटाचं दक्षिण टोक चार मीटरच्या वर खचलं, इंदिरा पॉइंटचं दीपगृह तेव्हापासून पाण्यात उभं आहे. गालाथियाची वाळूही वाहून गेली होती. काही वर्षांनी वाळू परत आली. कासवंही आली.

या खेपेला मामीसाठी तिथल्या समुद्रात पाणी सोडावं असं मनात होतं. पास लागतो. तो तिथल्या आदिवासींच्या रक्षणासाठी आहे, असायलाच हवा. पण खिडकीवरच्या गृहस्थांनी विचारलं, 'काम क्या है?' सांगितलं. म्हणाले, 'ये किसी कॅटेगरी में नहीं आता.'

मी कॅटेगरीत येत नाही. मग येतं कोण, तेही आता वाचून पाठ झालंय. सरकारचा ग्रेट निकोबार प्रकल्प: बंदर, विमानतळ, वीज प्रकल्प, नवं शहर, त्याला धरून पर्यटन. आज जेमतेम आठ-दहा हजार वस्तीचं बेट, तिथं साडेतीन लाख माणसं न्यायचा आराखडा. खर्च 72 हजार कोटी, आता त्याहून जास्त म्हणतात. 1997 मध्ये गालाथियाला कासवांसाठी अभयारण्य केलं आणि जानेवारी 2021 मध्ये बंदरासाठी ते यादीतून काढलं. त्याच वर्षी आपल्याच खात्याचा सागरी कासवांचा कृती आराखडा आला, त्यात गालाथिया महत्त्वाची जागा म्हणून आहे! मग 2022 मध्ये लिटल निकोबारवर लेदरबॅकसाठी नवं अभयारण्य. कासवांना रीतसर नोटीस गेली असेल: पत्ता बदलला आहे, नोंद घ्यावी.

जंगल जाणार 130.75 चौरस किलोमीटर. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतची जुनी मुंबई त्यात जवळपास दोनदा बसेल. झाडं किती? एका अहवालात 8.52 लाख, संसदेतल्या उत्तरात 9.64 लाख, आमच्या कट्ट्यावरचे गोडबोले दहा लाखांच्या वर सांगतात. मी मोजायला गेले नाही, आपणही गेला नसाल. मी कागदावर भागाकार केला, 72 हजार कोटी भागिले 9.64 लाख, झाडामागे साधारण साडेसात लाख रुपये आले. हे गणित चुकीच्या पद्धतीचं आहे हे मला कळतं. पण बदल्यातली झाडं हरियाणात लावायची, हे कोणत्या पद्धतीचं? निकोबारचा मेगापोड पक्षी अंड्यांवर बसत नाही, किनाऱ्यालगत वाळू-पाल्याचा ढीग रचून त्याच्या उबेवर अंडी सोडतो. त्यानं आता गुरुग्रामला जायचं का? आणि शोंपेन, त्या जंगलात राहणारी आदिवासी जमात? 2011 च्या जनगणनेत 229. आमच्या शाळेच्या चार तुकड्या मिळून याहून जास्त पोरं असायची. निकोबारी मंडळींच्या आदिवासी परिषदेनं 2022 मध्ये दिलेली संमती मागं घेतली. त्या पत्रालाही शेरा पडला असेल, 'कळविण्यात आले'.

लांब कशाला जा. अंदमानातच लाँग आयलंडवर 220 खोल्यांचं 'इको' रिसॉर्ट बांधायचा बेत, एव्हिस नावाच्या टिकलीएवढ्या बेटावर 50 खोल्यांचा. आणि आमच्या सातारा जिल्ह्यात नवीन महाबळेश्वर येऊ घातलंय, आधी 235 गावांत, आता त्याहून जास्त. जुन्या महाबळेश्वरात मे महिन्यात टँकर फिरतात, त्याचं काय झालं विचारलं की उत्तर नाही. कोयनेत ज्यांची गावं बुडाली त्यांची नातवंडं अजून दाखले घेऊन हेलपाटे घालतात, आणि आता त्याच डोंगरावर 'निसर्गाच्या कुशीत' बंगले. आधी माणूस उठवायचा, मग प्राणी उठवायचा, मग दोघांचे फोटो माहितीपत्रकावर छापायचे. पक्ष कुठलाही असो, छपाई तीच.

ह्यांचं म्हणणं, रागाच्या भरात पत्र लिहू नकोस, उद्या वाच आणि मग टाक. उद्या वाचलं तर मी ते मवाळ करीन, म्हणून आजच टाकते.

तिसरी मागणी राहिली. माझी तक्रार पुन्हा उघडावी. भरपाई नको, पायाचं मुलगा बघतो. त्या रात्री कुठला फोकस कुणाच्या परवानगीनं लागला होता, एवढं लेखी हवं. मराठीत उत्तर आलं तर चांगलं, हिंदीतही चालेल. तारे मी दिलेले नाहीत, तिथं शून्याची सोय नव्हती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, कराड

ता. क. हे लिहून होईतो रिसॉर्टचा मेल आला. झालेल्या गैरसोयीबद्दल खेद, आणि पुढच्या मुक्कामावर 15 टक्के सूट. कासवांच्या हंगामात लागू नाही.