टायरचं जन्मवर्ष बिलावर लिहा

महोदय,

मी तासगावचा निवृत्त प्राथमिक शिक्षक. एका शाळेची जुनी मिनीबस विकत घेतली आणि मेहुण्याच्या बॉडीच्या शेडमध्ये तिचं फिरतं घर करून घेतलं. आत दोन बाक (रात्री तेच पलंग), शेगडी, बेसिन आणि डाव्या अंगाला १२० लिटरची पाण्याची टाकी. बदलाची नोंद आरटीओत रीतसर केली आहे. गल्लीतली पोरं तिला ‘मास्तरांचं बिऱ्हाड’ म्हणतात. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हापासून अशा गाड्यांविषयी पुरवण्यांत कौतुकाने लिहून येतं. पडदे, दिवे, शेगडी, सगळ्यांवर लिहितात, टायरवर कोणी लिहीत नाही. म्हणून हे पत्र.

एप्रिल २०२५ मध्ये आम्ही दोघं वेरूळ-अजिंठ्याला निघालो. बीड मागे टाकलं, गेवराईच्या दिशेने ताशी साठच्या आसपास चाललो होतो. दुपारचे दोन वाजले होते, रस्ता तव्यासारखा तापलेला. मागून गोधडी आपटावी तसा थप-थप आवाज यायला लागला. सौ. म्हणाली, “अहो, मागं कोण ठोकतंय?” मी म्हणालो, भांडी असतील. भांडी नव्हती. मिनिटभरात आवाज दाट झाला आणि मग असा दणका बसला की बेसिनखालचं कपाट उघडून डबे बाहेर आले. मी ब्रेकला पाय लावला नाही, एवढीच माझी हुशारी. स्टेअरिंग घट्ट धरून गाडी आपोआप मंदावू दिली. मागे दोन्ही अंगांना दोन-दोन जोडचाकं असल्यामुळे गाडी कलली नाही.

उतरून पाहिलं. जुन्या चपलेचा तळ सुटावा तशी डावीकडच्या बाहेरच्या टायरची नक्षीची अख्खी पट्टी सुटली होती. सुटता सुटता तिने चाकावरचा पत्रा फाडला होता आणि टाकीचा पाइप तोडला होता. आमचं सगळं पाणी रस्त्यावर. एक ट्रकवाला “डिझेल गळतंय, बिडी ओढू नका” असं ओरडून गेला. घर चाकावर बांधलं की हे असं होतं. साध्या मिनीबसला टायर गेला तर टायर जातो, आमचा टायर स्वयंपाकघरही घेऊन गेला.

चाकाचे नट आधी सैल करायचे आणि मग जॅक लावायचा, एवढं ठाऊक होतं. पण साइडपट्टी काळ्या मातीची. बाटली जॅक वर जाण्याऐवजी खालीच जाऊ लागला. जॅकखाली घालायला फळी नव्हती. शेवटी सौ.ने न बोलता सागवानी पोळपाट आणून दिला. त्यावर जॅक उभा राहिला. पोळपाटाला मधोमध गोल खळगा पडला आहे आणि घरी तो अजून वापरात आहे. आमच्या पोळ्या जरा वेगळ्या होतात, तेवढंच. स्टेपनी काढायला गेलो तर तिची साखळी गंजून धरलेली. शाळेची बस घेतल्यापासून ती मी एकदाही खाली उतरवली नव्हती, हे कबूल करतो.

एका मोटारसायकलवाल्याकरवी निरोप गेला आणि पुढच्या ढाब्याजवळचा पंक्चरवाला मुलगा आला. मूळचा दरभंग्याचा. त्याचा पहिला प्रश्न: “रिमोल्ड है क्या?” म्हणजे जुन्या टायरवर नवी नक्षी चढवलेला आहे का. नाही म्हणालो, ओरिजिनल, २०२२ च्या दिवाळीत नवा घेतलेला, नक्षी बघ, निम्मीसुद्धा झिजलेली नाही. त्याने टॉर्च मागितला, गाडीखाली सरपटला आणि आतूनच म्हणाला, “चाचा, आपका नया टायर बूढ़ा है.” मग मीही त्या उन्हात, साठी उलटलेला माणूस, उताणा होऊन आत शिरलो. टायरच्या आतल्या गालावर, म्हणजे आतल्या बाजूच्या रबरावर, चार आकडे होते: ३४१६. म्हणजे २०१६ सालचा चौतिसावा आठवडा. मी घेतला तेव्हाच तो सहा वर्षांचा होता. तारखेसह पूर्ण शिक्का टायरच्या एकाच गालावर असतो आणि जोडचाकात तो नेमका आत गेला तर वरून कोणालाच दिसत नाही. गालावर बारीक भेगाही होत्या, जुन्या भिंतीच्या गिलाव्याला पडतात तशा.

आमच्यासारख्यांच्या गाडीचं दुखणं इथेच आहे. मालवाहू गाडीचे टायर झिजून मरतात. बिऱ्हाडाचे टायर उभ्या उभ्या म्हातारे होतात. वर्षातले नऊ महिने गाडी अंगणात, एकाच जागी, उन्हात, पूर्ण वजनासकट उभी. रबर वाळतं, आतल्या तारांच्या थरावरची पकड सुटत जाते, वरची नक्षी मात्र ताजीतवानी दिसते. मग एका गरम दुपारी सुटते. त्यात माझी टाकी, शेगडी, बॅटरी सगळं डावीकडे. परत आल्यावर वजनकाट्यावर आधी पुढचा आणि मग मागचा आख वेगवेगळा चढवला, तेव्हा मागच्या भाराचा आकडा बघून मेहुणाच गप्प झाला. आणि ‘उन्हाळ्यात हवा थोडी कमी ठेवा’ हा सल्ला देणाऱ्यांना हात जोडून सांगतो, तसं करू नका. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, जास्त दबला की जास्त तापतो. हवा सकाळी, चाक थंड असताना बघायची.

कायदा नक्षीची खोली विचारतो. आमच्यासारख्या गाड्यांना ती किमान १.६ मिलिमीटर लागते. टायरचं वय विचारत नाही. टायर बनवणाऱ्या काही कंपन्या स्वतःच सांगतात की पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असो, बदला. हे दुकानात मला कोणी सांगितलं नाही. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण तिथे ‘स्टॉक क्लिअर’ची पाटी वाचून मीच लगबगीने घुसलो होतो. गोदामात सावलीत ठेवलेला टायर रस्त्यावरच्याइतका भराभर म्हातारा होत नाही, हेही खरं. मग तसं सांगून, भाव कमी करून विका ना. माझी मागणी तेवढीच आहे: बिलावर टायरचा आठवडा आणि वर्ष लिहिणं बंधनकारक करा.

त्या दिवशी स्टेपनीवर ताशी तीसने रखडत गेवराई गाठली. आमच्या साइजचे टायर तालुक्याच्या गावात मिळतात, कारण माल वाहणारे टेम्पो तेच वापरतात. फिरतं घर बांधणाऱ्यांनी हा विचार आधी करावा, रुंद देखणी चाकं मागून. पंक्चरवाला मुलगा म्हणाला होता, जोड बदला, नव्याशेजारी झिजका ठेवला तर उंच असलेला नवा सगळं वजन उचलतो. म्हणून दोन मागितले. दुकानदाराने पुढ्यातले दोन काढले, मी ते फिरवून आकडे वाचले, नको म्हणालो. त्याने आणखी दोन काढले, तेही वाचले. तिसरी जोडी पोटमाळ्यावरून आली: ०६२५, दोन्हींवर. बिलावर हे आकडे लिहा म्हटल्यावर तो हसला. म्हणाला, “मास्तर, साडीच्या बिलावर कोणी विणल्याची तारीख लिहितं का?” पण लिहिले, पेनने, कोपऱ्यात, खाली सहीसुद्धा केली.

त्या बिलाची झेरॉक्स सोबत जोडली आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, तासगाव (जि. सांगली)