जॅक्सन बाई, थँक्यू मेडलसाठी नाही, 1979 साठी

जॅक्सन बाई,

तुम्ही मेरी जॅक्सन, नासाच्या पहिल्या काळ्या महिला इंजिनियर, तुम्हाला नुसतं बाई म्हटलेलं चालेल ना? आमच्याकडे शाळेत गणित शिकवते तिला बाईच म्हणतात आणि तुम्हीपण 1942 ला कॉलेज संपल्यावर वर्षभर मेरीलँडमधल्या शाळेत गणितच शिकवलंत. तुम्ही 2005 मध्येच गेलात, म्हणजे हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाहीये हे कळतंय मला, तरी लिहितेय कारण थँक्यू म्हणायचं राहून गेलंय.

तुमच्यामागे काय काय झालं ते आधी सांगते. 2019 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने (म्हणजे तिथली संसद हो, आपल्याकडे काँग्रेस म्हटलं की लोक लगेच भांडायलाच उठतात) रीतसर कायदा करून तुम्हाला गोल्ड मेडल जाहीर केलं. कॅथरीन जॉन्सन, डोरोथी व्हॉन, क्रिस्टीन डार्डन आणि तुम्ही अशी चार मेडलं, आणि पाचवं 1930 पासून 1970 च्या दशकापर्यंत नासात आणि त्याआधीच्या एनएसीएमध्ये कॉम्प्युटर, गणितज्ञ, इंजिनियर म्हणून राबलेल्या सगळ्या बायकांचं मिळून. (कॉम्प्युटर ही सुरुवातीला मशीन नव्हती, हाताने आकडेमोड करायची पोस्ट होती, बहुतेक बायकांची.) प्रत्यक्ष समारंभ व्हायला 2024 चा सप्टेंबर उजाडला, तोवर जॉन्सन बाईपण गेल्या होत्या, चौघींपैकी एकट्या डार्डन हयात. तुमचं मेडल तुमच्या घरच्यांकडे गेलं. वॉशिंग्टनच्या नासा हेडक्वार्टरलासुद्धा आता तुमचं नाव आहे. सगळं छान झालं पण फारच उशिरा झालं, असं मला वाटतं, असो.

लोक तुमच्याबद्दल बोलतात ते बहुतेक 1958 पर्यंतचं, म्हणजे तुम्ही इंजिनियर झालात तिथपर्यंतचं. 1951 ला तुम्ही लँगलीत, म्हणजे एनएसीएच्या व्हर्जिनियातल्या प्रयोगशाळेत, लागलात, काळ्या बायकांचा सेक्शन वेगळा, आणि एकदा दुसऱ्या बाजूला कामाला पाठवलं तर तिथल्या गोऱ्या बायकांना बाथरूम कुठेय विचारलंत आणि त्या हसल्या. त्या रागात तुम्ही जे काही बोललात ते तिथले इंजिनियर चारनेकी साहेब, त्यांच्या कानावर पडलं आणि त्यांनी सरळ आपल्या टीममध्ये घेतलं, काम विंड टनेलवर, म्हणजे विमानाच्या मॉडेलवर जोराचा वारा सोडून बघायचा बोगदा, चार फूट बाय चार फुटाचा, 60,000 हॉर्सपॉवर, आवाजाच्या जवळजवळ दुप्पट वेगाचा वारा. पुढे इंजिनियर हो म्हणून मागे लागले तेपण तेच. पण त्यासाठीचे क्लास रात्री गोऱ्यांच्या हायस्कूलमध्ये, मग आत बसायला मिळावं म्हणून शहराकडे परवानगी मागायची. ती मिळाली, तुम्ही आत गेलात आणि बघता तर काय, शाळेची बिल्डिंग पार जुनाट, मोडकळीला आलेली! ह्यासाठी एवढं अडवून धरलेलं?! हे वाचून मी खूप वेळ हसत बसले होते आणि मग हसू थांबलं.

पण मला लिहायचंय ते 1979 बद्दल. वीसेक वर्षं इंजिनियर म्हणून काढल्यावर, रिपोर्ट लिहिल्यावर, तुमच्या लक्षात आलं की वरची पायरी काही मिळत नाहीये, आणि फक्त तुम्हालाच नाही, इतर बायकांनाही नाही. दुसरं कोणी असतं तर चिडून बसलं असतं नाहीतर रिटायरमेंटचे दिवस मोजले असते. तुम्ही डिमोशन घेतलंत! स्वतःहून! एवढ्या खटपटीने मिळवलेलं इंजिनियरपण बाजूला ठेवून बायकांच्या भरती-बढतीचं काम बघणाऱ्या प्रोग्रॅम मॅनेजरच्या खुर्चीत जाऊन बसलात, 1985 ला रिटायर होईपर्यंत. आणि तिथे भाषणं नाही दिलीत, एकेकीला सांगितलंत की बाई गं तुझ्या पोस्टचं नाव गणितज्ञ आहे ते इंजिनियर करून घ्यायचं तर अजून काय शिकावं लागेल, म्हणजे बढतीचा चान्स वाढेल.

ही एवढीशी गोष्ट मला लागू पडली बाई. मी आठ वर्षं ऑफिसात ड्रॉइंग चेक करत होते, कॅल्क्युलेशन करत होते, साइटवरच्या चुका निस्तरत होते, आणि डेझिग्नेशन काय तर टेक्निकल असिस्टंट. प्रत्येक अप्रेझलला मी काय काय केलं ते सांगायचे, ते मान डोलवायचे, थोडं इन्क्रिमेंट, विषय संपला. मला वाटायचं काम चांगलं केलं की कोणीतरी कधीतरी बघेलच. तुमच्याबद्दल वाचलं तेव्हा डोक्यात ट्यूब पेटली की मी आठ वर्षं भलतंच मागतेय, शाबासकी मागतेय, पोस्टचं नाव बदलून मागितलंच नाहीये. मग एचआरकडून इंजिनियर पोस्टचे नियम लेखी मागवले, त्यात एक सर्टिफिकेट कमी पडत होतं, ते रात्री जागून, घरच्यांची बोलणी खाऊन केलं (परीक्षेत एकदा नापासपण झाले, सांगायला लाज कसली), आणि अर्ज टाकला. पहिल्यांदा परत आला. दुसऱ्यांदा मंजूर.

आता खरं सांगू का, तुमच्यासारखं डिमोशन घेण्याची माझी हिंमत नाहीये. इतक्या उशिरा मिळालेलं नाव मी सोडणार नाही, निदान आत्ता तरी नाही. पण आमच्याकडे एक मुलगी आहे, माझ्याच जुन्या पोस्टवर, माझंच जुनं काम करते, आणि परवा म्हणाली ताई, अप्रेझलमध्ये काय बोलू. मी म्हटलं बोलू काही नकोस, नियमाचा कागद घेऊन ये. सोमवारी लंचला बसतोय आम्ही दोघी. तिला नक्की काय काय कमी पडतंय त्याची लिस्ट करायचीये आणि ती रोज खरंच काय काम करते ते मी लिहून देणारे, माझ्या सहीने.

तुमची,
एक इंजिनियर (आता कागदोपत्रीसुद्धा)