वॉरियरच्या मागे उभा राहिलेला प्रीस्ट

पुणे,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय मकरंद,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळाच्या क्लासिक आवृत्तीत नव्या सर्व्हरवर पुन्हा पहिल्या लेव्हलपासून सुरुवात करायची, हा तुझा बेत मला मनापासून मान्य आहे, मात्र ‘या खेपेस पुढे उभा राहून मार झेलणारा वॉरियर नको, जादूगार मेज घेतो, लोकांच्या शिव्या खाण्याचा कंटाळा आला’ असे जे तू जाता जाता लिहिले आहेस, त्यावर मला सविस्तर बोलायचे आहे. माझा आवडता क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार, आजही प्रीस्टच आहे का, की तेव्हा हीलर, म्हणजे इतरांच्या जखमा भरणारा, व्हायला दुसरे कोणी तयार नव्हते म्हणून मी ते गळ्यात पडलेले काम निमूटपणे केले, असेही तू विचारले आहेस. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्या एकाच वेळी कशा खऱ्या असू शकतात हे सांगायलाच हे पत्र लिहितो आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये आपण पाच जण बसलो तेव्हा खेळात नऊ क्लास होते. शमन फक्त होर्ड या विरुद्ध पक्षाकडे असल्यामुळे अलायन्सच्या आपल्या वाट्याला आठ आले. तू वॉरियर आधीच ठरवला होतास, दोघांनी मेज घेतला, एकाने लपून वार करणारा रोग (Rogue), आणि मग सगळे माझ्या तोंडाकडे पाहू लागले. त्यातही मी ड्वार्फच घ्यावा असा तुझा आग्रह होता, कारण भीतीच्या जादूपासून टँकला, म्हणजे तुझ्यासारख्या मार झेलणाऱ्याला, वाचवणारा ‘फिअर वॉर्ड’ त्या आवृत्तीत फक्त ड्वार्फ प्रीस्टकडे होता आणि पुढे ऑनिक्सिया या ड्रॅगनसमोर तो लागणार होता. उंच, तेजस्वी, झगा घातलेला कोणी धर्मगुरू मी मनात रंगवला होता. प्रत्यक्षात मला मिळाला दाढीवाला, आखूड पायांचा बुटका. तुम्ही महिनाभर हसलात, हे मी विसरलेलो नाही.

बाकीचे क्लास मी पाहिलेच नाहीत असे समजू नकोस. रात्री तुम्ही झोपल्यावर मी जवळजवळ प्रत्येक क्लास विसाव्या लेव्हलपर्यंत नेऊन पाहिला. हंटर एकट्याने खेळायला फार सुखाचा, पण बाण विकत घ्या आणि पाळलेल्या अस्वलाचा मूड सांभाळत त्याला खाऊ घाला, यात माझा अर्धा वेळ जाई. वॉरलॉकची पिशवी ‘सोल शार्ड’नेच भरलेली असते, आणि नीटनेटकेपणाची आवड असलेल्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये. ड्रुइड मला खरोखर आवडला. अस्वल, मांजर, हीलर असे सगळे एकाच अंगात. पण पंगतीत वाढणारा, पाणी देणारा आणि पत्रावळी उचलणारा एकच असला की त्याचे जेवण राहून जाते, तसे काहीसे त्याचे होते. रोगबद्दल मी बोलत नाही. लपून बसणे मला जमत नाही.

प्रीस्टकडे मी खऱ्या अर्थाने वळलो तो त्याच्या जादूमुळे नव्हे, तर त्याने माझी नजर बदलली म्हणून. तुम्ही सगळे राक्षसाकडे पाहत होता आणि मी तुमच्याकडे. मोल्टन कोअरच्या गुहेत आपण चाळीस जण रॅग्नरॉस या अग्निराक्षसासमोर उभे राहिलो, तो लाव्हातून वर आला तेव्हा व्हॉइस चॅटवर सगळ्यांनी ‘आहाहा’ केले, आणि मला मात्र पडद्याच्या एका कडेला प्रत्येकाचा उरलेला जीव दाखवणाऱ्या चाळीस हिरव्या पट्ट्या दिसत होत्या. तो नेमका कसा दिसतो हे मी नंतर एका व्हिडिओत पाहिले. पट्ट्यांवरून मला माणसे ओळखू येऊ लागली. कोण आगीत उभे राहतो, कोण दुखापत झाल्यावर लगेच मागे सरतो, कोण मेल्याशिवाय सरतच नाही, हे त्यांच्या आवाजाआधी त्यांच्या पट्टीने मला सांगितले. शिवाय ही रेड, म्हणजे चाळीस जणांची मोहीम, जर्मनीत तुझ्या रात्री आठला म्हणजे उन्हाळ्यात माझ्या साडेअकराला आणि हिवाळ्यात साडेबाराला सुरू होई. अशा अपरात्री चाळीस अनोळखी माणसांची काळजी घेत बसलेला मी बायकोला कसा दिसत असेन, हा विषय इथे नको. पुण्याहून युरोपातल्या सर्व्हरपर्यंतचा पिंग, म्हणजे संदेश जाऊन परत येण्याचा वेळ, दीडशे मिलिसेकंदांच्या खाली कधी आला नाही, तरी प्रीस्टचे तितकेसे अडत नाही, कारण त्याला कोणाची जखम कधी होणार हे आधीच ओळखावे लागते. आणि अंदाजाला पिंग नसतो.

या क्लासमधली खरी विद्या मात्र न करण्याची आहे, आणि ती शिकायला मला तीन महिने लागले. क्लासिकमध्ये मॅना, म्हणजे जादूची शक्ती, खर्च करणारी जादू केली की पुढची पाच सेकंदे ‘स्पिरिट’ या गुणातून मिळणारा मॅना भरत नाही. म्हणजे हात आवरून उभे राहणे हेसुद्धा काम. मोठी जखम दिसली तरी मोठा हील न देता जुना, खालच्या रँकचा स्वस्त हील देणे, हीही त्याच शिस्तीची बाजू. दिलेल्या हीलच्या निम्म्याइतका थ्रेट, म्हणजे राक्षसांचा रोष, आपल्या नावावर चढतो, म्हणून घाईने हील करणाऱ्या प्रीस्टच्याच अंगावर नवे राक्षस धावून येतात. पण यातले सर्वांत विलक्षण तुझ्याशी संबंधित होते. वॉरियरची ताकद म्हणजे त्याचा ‘रेज’, आणि तो मार देऊन आणि मार खाऊनच तयार होतो. मी लढाई सुरू होताच प्रेमाने तुझ्यावर शील्ड टाकत असे, शील्ड सगळा मार गिळून टाकी, आणि तू रेजविना हात चोळत उभा राहत असस. तू ओरडलास, ‘अरे, मला जरा मार खाऊ दे!’ त्या वाक्याने मला प्रीस्ट केले.

स्ट्रॅथोम या शहरातली ती रात्र आठवते ना? पंचेचाळीस मिनिटांत बॅरन रिव्हेंडेअरपर्यंत पोहोचून त्याच्या कैदेतल्या इसिडाला सोडवायचे होते. शेवटच्या चौकात माझा मॅना संपला, तो भरण्यासाठी पाणी प्यायला बसायला वेळ नव्हता, आणि त्यातच आमच्या गल्लीतली वीज गेली. राउटर इन्व्हर्टरवर होता आणि लॅपटॉपची बॅटरी अकरा टक्के. तुझी पट्टी निम्म्याच्या खाली उतरली आणि मी काहीही केले नाही. पाच सेकंदे मोजली, मग आणखी चार. व्हॉइस चॅटवर रोगवाला मला शिव्या देत होता; तू मात्र एक शब्द बोलला नाहीस, मागेही सरला नाहीस, फक्त ‘शील्ड वॉल’ लावून उभा राहिलास. मॅनाचे जे काही थेंब साठले त्यात एक हील बसला, आणि तो पुरला. तू पुढचे पाऊल टाकलेस ते मी मागे आहे हे गृहीत धरून. मला कोणत्याही नोकरीत असा विश्वास मिळालेला नाही.

टँक आणि हीलर ही जोडी वॉरक्राफ्टची निर्मिती नव्हे, हे तुलाही ठाऊक आहे. १९७४ च्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मध्येच लढवय्या, जादूगार आणि हील करणारा क्लेरिक असे तीन क्लास होते. १९९९ मध्ये आलेल्या ‘एव्हरक्वेस्ट’मध्ये तर दहा सेकंदे लागणारा पूर्ण हील एकामागून एक देण्यासाठी क्लेरिकांची रांग लागायची आणि प्रत्येक जण आपला क्रमांक सांगून हात मोकळा करायचा. पाळी चुकली की टँक गेला. आज ‘फायनल फँटसी १४’मध्ये एकच पात्र हत्यार बदलून कोणतेही काम शिकू शकते, सोय मोठी आहे, पण ज्याला सगळेच होता येते त्याच्याशी माझ्यासारख्याचे नाते जुळायला वेळ लागतो.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. लॉकडाऊनमध्ये घरात अडकलो होतो तेव्हा सगळीकडे २००५ च्या सप्टेंबरातल्या ‘करप्टेड ब्लड’ या वॉरक्राफ्टमधल्या साथीची आठवण निघत होती. झुल’गुरूबमधल्या हक्कार या राक्षसाचा संसर्गजन्य शाप हंटरच्या पाळीव प्राण्यांसोबत बाहेर पडून शहरांत पसरला, आणि कमी लेव्हलची पात्रे पटापट मरू लागली. तेव्हा काही हीलर आपणहून मदतीला धावले. त्यांनी आजाऱ्यांना जगवून ठेवल्यामुळे शाप पसरायला आणखी वेळ मिळाला असावा, असा तर्क पुढे संशोधकांनी मांडला. ते वाचताना मला माझे शील्ड आठवले.

म्हणून तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे, की प्रीस्ट माझा आवडता क्लास आहे, पण सुटा नव्हे. गेल्या दोन वर्षांत मी दोनदा एकट्याने नवा प्रीस्ट काढला, अनोळखी टँकांमागे उभा राहिलो, आणि पंधराव्या लेव्हलच्या पुढे गेलो नाही. तू मेज झालास तर मला जादूचे पाणी फुकट मिळेल, हा तुझ्या बाजूचा एकमेव भक्कम मुद्दा आहे, आणि पाण्यावर माझा किती खर्च होतो हे माहीत असल्यामुळे मी तो हलका मानत नाही. तरी पाणी मी विकत घेईन.

पुढच्या शनिवारी तुझ्या दुपारी चारला, म्हणजे माझ्या साडेआठला, ड्वार्फ जिथून सुरुवात करतात त्या डन मोरोघच्या बर्फात मी उभा असेन. दाढी या वेळी पांढरी घेणार आहे, वयाला शोभते. वहिनींना नमस्कार आणि छोट्यास आशीर्वाद.

तुझा,
अनिरुद्ध

ता. क. – शिव्या देणाऱ्यांची पट्टी कोणती हे मला चांगले दिसते. त्यांचे मी बघतो.