तुम्ही दिलेल्या साक्षीबद्दल, आई

तीर्थरूप आईंना,
साष्टांग नमस्कार.

माझ्या आताच्या पतींनी माझ्या मुलीला, म्हणजेच तुमच्या नातीला, दत्तक घेण्यास न्यायालयाने मान्यता दिली आहे. हे आभाराचे पत्र मी उघडपणे लिहीत आहे, कारण परागंदा झालेल्या वडिलांच्या घरच्यांना अशा प्रकरणात विरुद्ध पक्षच समजले जाते आणि त्यांना काही विचारायलाही मुलाची आई कचरते.

मुलीच्या आईशी लग्न केल्याने कोणी तिचा कायदेशीर पिता होत नाही. उद्या माझे काही बरेवाईट झाले असते, तर ज्यांनी तिला वाढवले त्यांच्याकडेच ती राहील याची काही शाश्वती नव्हती. दत्तकासाठी जन्मदात्याची संमती लागते, आणि ती मिळवणेच अशक्य असेल तर त्याचे पालकत्वाचे अधिकार संपुष्टात आणण्याची मागणी करावी लागते. न्यायालये ती सहजासहजी मान्य करत नाहीत, आणि ते योग्यच आहे. नुसती पोटगी थकली एवढे कारण सहसा पुरत नाही. त्याने मुलीकडे जाणूनबुजून पाठ फिरवली हे पुराव्याने दाखवावे लागते, आणि त्याला आपली बाजू मांडता यावी म्हणून त्याचा प्रामाणिकपणे शोधही घ्यावा लागतो. हा शोध वरवरचा झाला, तर तो माणूस पुढे येऊन आदेशाला आव्हान देऊ शकतो आणि मुलीचे घर पुन्हा टांगणीला लागते.

तो शोध तुमच्यामुळे खरा झाला. तुमच्या मुलाचा शेवटचा माहीत असलेला पत्ता, कामाची जुनी ठिकाणे, मित्रांची नावे तुम्ही स्वतःहून दिलीत. साक्षीत त्याच्याविषयी एकही वावगा शब्द न काढता, तो कधी गेला आणि त्यानंतर त्याने मुलीची चौकशी केली का, एवढेच तुम्ही खरेखरे सांगितलेत. जन्मदात्याचे अधिकार संपले की त्याच्याकडच्या आजीआजोबांचे कायदेशीर नातेही बहुधा संपते, हे वकिलांनी तुम्हाला आधीच समजावले होते. आईने मुलाविरुद्ध जाणारे सत्य बोलणे किती अवघड असते ते मला ठाऊक आहे; त्यात तुम्ही आपला हक्कही सोडत होतात.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराचे १२ वे कलम सांगते की, मुलाशी संबंधित बाबीत त्याचे मत ऐकले जावे आणि त्याच्या वयाप्रमाणे व समजेप्रमाणे त्याला महत्त्व दिले जावे. समुपदेशकांनी विचारले तेव्हा आपली नात बराच वेळ गप्प होती, कारण आजीला वाईट वाटेल अशी तिला धास्ती होती. तुम्ही तिला जवळ घेऊन म्हणालात, “तुला जे वाटतं ते सांग, मी तुझी आजीच आहे.” त्यानंतरच ती मोकळेपणाने बोलली. माझ्या मते साऱ्या कागदपत्रांपेक्षा ही मदत मोठी होती.

तुमच्या घराण्यातील आजारांची माहिती तुम्ही लिहून दिलीत, तीही तिला आयुष्यभर उपयोगी पडेल. आदेशात तुमच्या भेटीगाठींचा उल्लेख नाही, परंतु त्यांना मनाईही नाही, आणि त्या पूर्वीसारख्याच चालू राहाव्यात असा आग्रह माझ्या पतींनीच धरला आहे. येत्या सुट्टीत ती तुमच्याकडे राहायला येईल.

तुमची ऋणी,
तुमच्या नातीची आई