८ ऑक्टोबर हा एका कायद्याचा वाढदिवस आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी ८ ऑक्टोबरला हवाई दल दिनानिमित्त वृत्तपत्रांतून विमानांच्या कसरतींची छायाचित्रे आणि वैमानिकांच्या शौर्यकथा छापून येतात. त्या आवडीने वाचणाऱ्यांपैकी मी एक आहे. मात्र त्या दिवशी १९३२ साली नेमके काय घडले, हे त्यांत क्वचितच वाचायला मिळते, म्हणून हे पत्र.

त्या दिवशी भारतीय हवाई दलाचे एकही विमान उडाले नाही, कारण दलाकडे विमानच नव्हते. त्या दिवशी अस्तित्वात आले ते कायद्याने घडवलेले दल. ‘इंडियन एअर फोर्स ॲक्ट’, म्हणजे १९३२ चा १४ क्रमांकाचा कायदा, हा त्याचा पाया होता आणि इंग्लंडमधील क्रॅनवेलच्या हवाई दल महाविद्यालयात शिकून तयार झालेल्या पहिल्या पाच भारतीय वैमानिकांना अधिकारपदाची सनद मिळाली तीही त्याच तारखेची. विमाने आली ती सहा महिन्यांनी. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळच्या ड्रिग रोड तळावर ब्रिटिश बनावटीची चार वापिती विमाने, सहा अधिकारी आणि १९ ‘हवाई शिपाई’ एवढ्यावर पहिल्या स्क्वाड्रनची (विमानदलाच्या तुकडीची) एक फ्लाइट, म्हणजे तिचा एक भाग, उभी राहिली. (हाच तो ड्रिग रोड, जेथून जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, म्हणजे कायदा लागू झाल्यानंतर अवघ्या आठवड्याने, टपाल घेऊन मुंबईच्या जुहू धावपट्टीकडे निघाले होते.)

आधी कायदा आणि मग विमान, हा क्रम उलटा वाटतो, पण त्यामागे कारण होते. पहिल्या महायुद्धात चार भारतीय तरुणांनी ब्रिटिश लष्कराच्या रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये प्रवेश मिळवला होता. इंद्रलाल रॉय आणि हरदित सिंग मलिक यांची नावे अनेकांना माहीत असतात. त्यांच्या बरोबरीचे मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर मात्र मराठी वाचकालाही फारसे ठाऊक नाहीत. ते जून १९१८ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर कामी आले. पुढच्याच महिन्यात रॉयही गेले. या तरुणांना प्रवेश मिळाला तो युद्धाच्या निकडीमुळे, कोणत्याही हक्काने नव्हे. युद्ध संपले, निकड संपली आणि रॉयल एअर फोर्सच्या, म्हणजे फ्लाइंग कोअरच्या जागी १९१८ मध्ये आलेल्या ब्रिटिश हवाई दलाच्या, अधिकारपदासाठी उमेदवार शुद्ध युरोपीय वंशाचा असावा ही अट कायम राहिली. ज्यांच्या देशबांधवांनी त्याच आकाशात प्राण दिले होते त्यांच्यासाठी ते दार पुन्हा बंद झाले, आणि ते बंद करायला कोणाला एक ओळही खोडावी लागली नाही, कारण ते उघडे ठेवणारी ओळ कोठे लिहिलेलीच नव्हती.

ती ओळ लिहून घेण्यासाठी भारतीय प्रतिनिधींना पुढची अनेक वर्षे झगडावे लागले. भारतीयांना लष्करात अधिकारपदे देण्याचा विचार करण्यासाठी १९२५ मध्ये नेमलेल्या स्कीन समितीवर मोतीलाल नेहरू, जीना आणि मुंबईचे सर फिरोज सेठना यांच्यासारखे सदस्य होते. तोफखाना, इंजिनियर्स, सिग्नल्स, रणगाडे यांच्याबरोबर हवाई शाखेतही भारतीयांना अधिकारी होता यावे, अशी शिफारस त्या समितीने केली. सरकारने त्यावर काढलेली वाट लक्षात घेण्याजोगी आहे. भारतीयांना रॉयल एअर फोर्समध्ये घेतले असते, तर कधी ना कधी ब्रिटिश सैनिकांना भारतीय अधिकाऱ्याचा हुकूम पाळावा लागला असता. त्याऐवजी अधिकाऱ्यापासून मेकॅनिकपर्यंत केवळ भारतीयांचेच असे वेगळे दल काढायचे ठरले, आणि वेगळे दल म्हटले की भरती, सेवाशर्ती, शिस्त आणि कोर्ट मार्शल यांसाठी वेगळा कायदा आलाच. वर्णभेद टिकवण्याच्या हिशेबातून हा कायदा जन्मला, हे लपवण्याचे कारण नाही. पण त्या कायद्याने भारतीयांच्या हाती जे आले, ते एखाद्या वरिष्ठाच्या मर्जीने काढून घेता येण्याजोगे राहिले नाही. माझ्या मते हेच त्याचे खरे मोल आहे.

तरीही या कायद्यात काय नव्हते, हेही पाहिले पाहिजे. भारताच्या कारभारासाठी ब्रिटिश संसदेने केलेल्या १९१९ च्या सुधारणा कायद्यानुसार संरक्षणखर्च मध्यवर्ती विधिमंडळाच्या मतदानाबाहेर ठेवलेला होता. म्हणजे दलाची शिस्त ठरवणारे विधेयक आपल्या प्रतिनिधींपुढे आले, पण त्या दलाने किती विमाने घ्यावीत, किती स्क्वाड्रन उभारावीत, याची एक रुपयाचीही मागणी त्यांच्या मतावर अवलंबून नव्हती. त्याआधीच अमेरिकेत काय घडले होते, हे शेजारी ठेवून पाहावे. तेथे काँग्रेसने लष्करी उड्डाणासाठी १९११ मध्ये प्रथमच १,२५,००० डॉलर मंजूर केले. १८ जुलै १९१४ च्या कायद्याने सिग्नल कोअर या लष्कराच्या संदेशवहन शाखेच्या अंतर्गत ६० अधिकारी आणि २६० सैनिकांचा स्वतंत्र विमान विभाग निर्माण केला. आणि १९२६ च्या एअर कोअर कायद्याने पाच वर्षांत १,८०० विमानांचे उद्दिष्ट थेट कायद्यातच घातले. ठरल्या मुदतीत ते गाठता आले नाही, ही गोष्ट वेगळी. आकडा कायद्यात होता, म्हणून तो का गाठला नाही, हे सरकारला प्रतिनिधीगृहात विचारता येत होते. आमच्या १९३२ च्या कायद्यात शिक्षांची कलमे होती, विमानांचा आकडा नव्हता.

परिणाम पुढच्या सात वर्षांत दिसतो. पहिल्या पाच वैमानिकांपैकी भूपिंदर सिंग आणि अमरजित सिंग १९३३ मध्येच विमान अपघातात गेले. दुसरी फ्लाइट एप्रिल १९३६ मध्ये आली, तिसरी जून १९३८ मध्ये. एक स्क्वाड्रन पुरी व्हायला पाच वर्षांहून अधिक काळ लागला, आणि तीही जुनाट वापिती विमानांवर वायव्य सरहद्दीवर लष्कराला साथ देण्याच्या कामात गुंतलेली होती. त्या पहिल्या पाचांपैकी सुब्रतो मुखर्जींनी १९३९ च्या मार्चमध्ये तिचे नेतृत्व हाती घेतले, तेव्हा एवढ्या मोठ्या देशाच्या हवाई दलाची ती एकमेव स्क्वाड्रन होती.

युद्ध आले आणि कायद्यालाही गती आली. १९३९ मध्येच हवाई दलाच्या स्वयंसेवक राखीव दलासाठी शिस्तीचा वेगळा कायदा झाला. त्यामुळे फ्लाइंग क्लबांतून शिकलेल्या नागरी वैमानिकांना सेवेत घेणे शक्य झाले आणि मुंबई, मद्रास, कलकत्ता, कराची, कोचीन येथे किनारा-रक्षणाच्या फ्लाइट्स उभ्या राहिल्या. युद्धाअखेर नऊ स्क्वाड्रन आणि सुमारे २८,५०० माणसे असलेले दल तयार झाले होते. जे सात वर्षांत होऊ दिले गेले नाही ते सहा वर्षांत झाले. ‘भारतीयांत हवाई दल चालवण्याचे कौशल्य नाही’ या तेव्हाच्या सबबीला याहून स्पष्ट उत्तर नाही.

स्वातंत्र्यानंतर संसदेने १९५० चा ४५ क्रमांकाचा वायुसेना कायदा केला, तो २२ जुलै १९५० पासून लागू झाला आणि १९३२ चा कायदा रद्द झाला. दलाचा वाढदिवस मात्र त्या जुन्या कायद्याच्याच तारखेला साजरा होत राहिला. ते योग्यच आहे, असे मला वाटते. फक्त त्या तारखेचा अर्थ वाचकांपर्यंत पोहोचावा.

म्हणून माझी विनंती आहे की, येत्या हवाई दल दिनाच्या आपल्या पुरवणीत कसरतींच्या छायाचित्रांबरोबर १९३२ च्या या कायद्याची हकीकत एका स्तंभात तरी द्यावी, आणि ज्यांच्यासाठी असा कोणताही कायदा नव्हता त्या लेफ्टनंट वेलिणकरांचे नाव त्यात असावे.

आपला नम्र,
एक वाचक, पुणे